लकव्याचं औषध

पिशोरच्या कारभारी आबांकडं लकव्याचं औषध घ्यायला लांबलांबून जीप भरून माणसं यायची. आबांची अट एकच असायची. "आधी दवाखान्यात नेलेला पेशंट मला चालणार नाय. एकदा का सुई टोचली, की माझं औषध लागूच पडत नाय."

जडीबुटी आणायच्या नावाखाली आबा दर महिन्याला शहरात जायचे आणि मुकुंदवाडीच्या एका डॉक्टरकडून गुपचूप बीपीच्या गोळ्या घेऊन यायचे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तडक मोठा दवाखाना गाठायचा," असं त्या डॉक्टरनं त्यांना बजावून ठेवलं होतं.

आज सकाळी चहाची बशी आबांच्या हातातून निसटली आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. पेशंट घेऊन आलेली जीप अंगणातच उभी होती. आबांनी चांगला हात उचलून जीपकडं केला, पण तोंडातून शब्दच फुटेना.

वाटीत त्यांचंच औषध कालवून आणलेल्या विश्वजीतनं बापाचा तो हात घट्ट धरला.

"आबा, काळजी करू नका. जीव गेला तरी तुम्हाला सुई टोचू देणार नाय!"