तिसरी वेळ

अल्गोटकाका तिसऱ्यांदा सापडले, आणि तेही कुठे, तर थेट पोलीस चौकीच्या दारासमोर. सकाळी दहा वाजता, भर रस्त्यातून स्नोमोबाइल, ती बर्फावर पळणारी गाडी, चालवत आले आणि चौकीपाशी येऊन चक्क थांबले.

चौकीतला पोलीस रूने हातातली कॉफी तशीच ठेवून बाहेर आला. या नियमाने त्याला जीव नकोसा झाला होता. गावात स्नोमोबाइल फिरवायची नाही, एकाच गाडीला दोनदा ताकीद आणि तिसऱ्यांदा सापडली की जप्त, ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत. नियम करून नगरपालिकेतले लोक मोकळे झाले. राबवायला रूने एकटा. अर्धं गाव त्याच्याशी धड बोलत नव्हतं.

"काका, मागच्या आठवड्यात काय सांगितलं होतं मी?"

"सांगितलं होतंस." म्हातारा खाली उतरला. "आजची तिसरी वेळ ना?"

"तेच तर म्हणतोय! नदीकाठची एवढी मोठी वाट सोडून इथेच कशाला कडमडता?"

"चुकलं. घे लिहून."

इंजिन बंद करायचं बटण त्यांना लवकर सापडेना. हेल्मेटही डोक्यावर सैल डुगडुगत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय. रूनेला फार वाईट वाटलं. एप्रिल लागला होता, छपरांवरून पाणी गळत होतं. असे किती दिवस उरले होते गाडी चालवायचे?

दोन चौक सोडून दफनभूमी होती. दोन वर्षांपूर्वी वारलेली काकांची बायको तिथेच होती.

"ब्रिताकाकूंकडे निघाला होतात का?" रूनेने आवाज खाली आणून विचारलं.

काका बुटांकडे बघत राहिले. रूनेला उत्तर मिळालं. इथली माणसं अशीच, घरातलं दुःख उंबऱ्याबाहेर काढत नाहीत.

"घरी बाकी ठीक ना?"

"ठीक." काकांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "नियम तो नियम, रूने. गाडी ठेवून घे. मी जातो चालत."

"आणि उद्या गाव मला जोड्याने मारेल. म्हाताऱ्याचे पायच काढून घेतले म्हणून!"

"मारू दे. तू ठेवून घे."

काय हा ताठा, रूनेला वाटलं. मोडेल पण हात पसरणार नाही. त्याचा स्वतःचा बाप असाच होता. त्याने अर्धा लिहिलेला कागद टराटरा फाडला.

"मी काही पाहिलंच नाही. चला, बसा मागे."

"असं नको करूस," काका पुटपुटले.

"आभार नकोत हो. बसा."

रूनेने स्वतः गाडी चालवत काकांना नदीकाठाने घरी नेलं. गोठलेल्या नदीवरून पलीकडे जायच्या वाटेला खुणा म्हणून रोवलेल्या फांद्या सोमवारीच काढल्या होत्या. बर्फ करडा, ठिसूळ पडला होता.

अंगणात त्यांचा मुलगा होकन उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेला.

"बापावर ओरडू नकोस रे," रूने हसून म्हणाला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. होकनने नुसती मान हलवली.

परतताना रूने चालतच आला. कित्येक महिन्यांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. नदीच्या मध्यावर बर्फाला मोठं भोक पडलं होतं. पाणबुड्यांनी आधी होकनला वर काढलं, मग गाडी.

काका काठावर बोडक्या डोक्याने उभे होते. रूने जवळ जाऊन उभा राहिला.

"पलीकडे त्याची पोरगी असते, आईजवळ," काका नदीकडे बघत म्हणाले. "पुलावरून साठ किलोमीटरचा वळसा. दरवर्षी असाच जायचा, बर्फ पार फुटेपर्यंत. मी किल्ली लपवली, तर त्याने कपाट फोडलं. पोलिसांचं कुलूप काही फोडलं नसतं."

रूनेने डोक्यावरची टोपी काढली.

"तिसऱ्यांदा जप्त करता ना तुम्ही," काका म्हणाले. "म्हणून तर तीनदा आलो होतो."