आत्ताच्या फोटोतले रंग

अपघातानंतर बसवलेल्या कृत्रिम डोळ्यांनी श्रीपादला सगळं करडंच दिसे. शेवटी त्याच्या बायकोने, हेमांगीने, त्या डोळ्यांना जोडलेल्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडून आज्ञा टाइप केली. वॉलपेपरच्या फोटोतले रंग उचलून पडद्यावरच्या सगळ्याला देणारं टूल तिने त्याच्या डोळ्यांसाठी इन्स्टॉल केलं. वॉलपेपरला फोटो होता लग्नानंतरच्या वर्षीचा: हिरव्यागार भातखाचरात अबोली साडी नेसलेली हेमांगी.

"दिसतंय का काही?"

खिडकीतलं झाड हिरवं झालं, उशी अबोली. मग श्रीपादने तिच्याकडे पाहिलं.

"तुझे केस काळेभोर दिसतायत गं."

"फोटोत पांढरा रंगच नाही ना," ती हसली. "राहू देत की तसेच."

"नको. आपला आत्ताचा फोटो काढ, त्यातले रंग घाल. इतकी वर्षं जिच्याबरोबर काढली, ती बघायचीय मला."

हेमांगीने केस नीट केले आणि त्याला खेटून बसत कॅमेरा सुरू केला.