मागचं चाक

"बाबा, आकडा वाढलाय." लेकीने मोबाईल टेबलावर ठेवला. "मागच्या वेळी याच्या निम्मासुद्धा नव्हता."

टेलरमास्तरांचा प्रोस्टेटचा कॅन्सर किरणं देऊन शांत केला होता. तेव्हापासून रक्त तपासायला दिलं, की रिपोर्ट येईपर्यंत घरादाराचा जीव टांगणीला. भाजी निवडता निवडता मास्तरीणबाईंचा हात थांबला.

लेकीची बॅग दारापाशी भरून तयार होती. उद्या ती परदेशी नोकरीवर रुजू व्हायला निघणार होती. "मी तिकीट रद्द करते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"अगं, थांब की जरा! लगेच कसला आकांत मांडतेस?" मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "लॅबमध्ये रक्त द्यायला मी सायकलवरून गेलो होतो."

"काय? बाबा, कमाल करता तुम्ही! आधी दोन दिवस सायकलला हात लावू नका, आकडा वाढू शकतो, असं डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं ना?"

"चुकलो बाई. पाय वळतातच तिकडे, काय करू?"

लेक त्यांना नाही नाही ते बोलली. पण बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "ठीक आहे. पुन्हा टेस्ट करायची. आणि तोवर सायकल बंद! थांबा, मी आत्ताच खाली जाऊन कुलूप घालते."

नवऱ्याला मास्तरीणबाई पुरतं ओळखून होत्या. म्हणून तर तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच गुपचूप दोन्ही चाकांतली हवा सोडली होती. सायकल तेव्हापासून जिन्याखाली तशीच उभी होती. मास्तर चालत गेले होते. आकडा खरा होता.

"तू बॅगेचं वजन बघ. कुलूप मी घालते," त्या म्हणाल्या, आणि दारामागचा पंप पिशवीत घालून जिना उतरल्या.

पुढच्या चाकापाशी बसून त्या हवा भरू लागल्या. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. आयुष्यभर या माणसाला साधी थाप मारता आली नव्हती, आणि आज मारली तर ही!

जिन्यात पावलं वाजली. त्या दचकल्या. मास्तर खाली आले, शेजारी उकिडवे बसले आणि त्यांच्या हातातला पंप काढून घेतला.

"मागचं आधी भरू," ते हळूच म्हणाले. "जिन्यावरून तेच दिसतं."