पुसलेले ठिपके

आणखी एक ठिपका गेला.

नीरा लॅपटॉपवर वाकली. सकाळपासून नकाशावर लाल ठिपके वाढतच होते. एकेक ठिपका म्हणजे वासणा भागातलं, पाण्यात अडकलेलं एकेक घर. आणि आता ते एकामागून एक नाहीसे होत होते. दर वेळी कोपऱ्यात पुसणाऱ्याचं तेच नाव उमटत होतं. कौमुदी.

हा नकाशा नीरा शिकवायची त्या नववीच्या वर्गाचा. भूगोलाचा उपक्रम म्हणून मुलांनी शाळेच्या आसपासच्या गल्ल्या त्यावर मिळून भरल्या होत्या. कुठे उतार, कुठे चढ, पाणी कुठे तुंबतं. पहाटे विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं, तेव्हा अमोघ नावाच्या मुलाने त्यावर आपल्या घराची खूण केली आणि लिहिलं, 'आम्ही अडकलोय.' त्याचं पाहून इतरांनीही केली. दुपारपर्यंत सावली गावाहून मदतीला होडी घेऊन आलेला सलीलसुद्धा याच नकाशावरून घरं शोधत होता. नीरा मात्र नदीच्या या बाजूला, पाणीगेट भागात. पूल बंद झाले होते. तिचे वडील पद्माकर वासण्यात एकटेच राहत. गुडघ्यांमुळे जिना नको म्हणून तळमजल्यावर.

तिने कौमुदीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नेट कसंबसं चालू होतं, फोन मधूनच एखादा लागत होता.

तिला आठवलं, मागच्या महिन्यात वर्गातल्या याच मुलीने अमोघने भरलेली अख्खी गल्ली खोडून टाकली होती. का, तर म्हणे चुकीची होती. तेव्हा नीराने हसून सोडून दिलं होतं.

सलीलचा फोन आला. "नीराबेन, काय चाललंय हे? मी अर्ध्या रस्त्यात आणि इकडे घरच गायब! जाऊ कुठे?"

ती काही बोलणार, तोच नकाशाच्या खालच्या टोकाचा ठिपका गेला. तो तिने स्वतः लावला होता. बाबांचा.

नीराने कौमुदीचं नाव शोधलं आणि तिची परवानगी काढून घेतली. आता त्या मुलीला नकाशा नुसता बघता येणार होता. ठिपके जायचे थांबले. नीराने बाबांचा ठिपका पुन्हा लावला.

"सलील, आधी इथे जा. बाकीचं नंतर. त्यांना धड उठताही येत नाही."

"चालो, निघालो."

नकाशावर होडीची निळी खूण हळूहळू सरकत होती. मध्येच एका जागी अडली. नीरा ओठ चावत बसून राहिली. खूण पुन्हा हलली, बाबांच्या गल्लीत वळली, थांबली. फोन वाजला.

"बेन, दार उघडं आहे. आत छातीपर्यंत पाणी. कोणी नाही."

"नीट बघ. आतल्या खोलीत बघ. हाक मार ना त्यांना!"

"मारली. दोन्ही खोल्या बघितल्या. बेन, नदीतल्या मगरी शिरल्यात पाण्यात. फार वेळ उतरून राहता येत नाही."

सलीलचा फोन तुटला. हातातला फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर होता.

"टीचर, मी कौमुदी. तुम्ही मला नकाशातून बाहेर काढलंत का?" मुलीला धाप लागली होती. "मला परत आत घ्या."

"माझ्या बाबांचा ठिपका का पुसलास तू?" नीरा किंचाळलीच.

"ते इथे आहेत ना, म्हणून. शाळेच्या गच्चीवर." कौमुदी गोंधळली. "मी आणि पप्पा टायरच्या ट्यूबवर फळी बांधून एकेकाला आणतोय. जे आले त्यांचा ठिपका पुसते. नाहीतर होडी रिकाम्या घरी जाईल ना, टीचर."

तेवढ्यात पलीकडून बाबांचा आवाज आला. "नीरा, मी बरा आहे गं. आधी ती काय म्हणते ते ऐक."

"टीचर, आमची ट्यूब फुटली. एकच घर राहिलंय. मी मघापासून ठिपका लावतेय, लागतच नाहीये. होडीच पाठवा. पाणी खूप..."

फोन तुटला.

नीराने परवानगी परत दिली. घाईत बोट एकदा चुकीच्याच नावावर पडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग नकाशावर नवा ठिपका उमटला. अगदी नदीच्या काठाला, सगळ्यात सखल गल्लीत. कोणाचं नाव नव्हतं त्यावर.

"सलील, परत फिर. नवीन ठिपका दिसतोय ना? लवकर!"

निळी खूण वळली. ज्या रस्त्याने गेली होती, तोच सगळा रस्ता तिला पुन्हा कापायचा होता. नीराने डोळे मिटून घेतले. ते उघडायचं धाडस तिला फोन वाजेपर्यंत झालं नाही.

"मिळाल्या, बेन." सलील इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलत होता. "एक बाई आहेत. कौलांवर चढून बसल्या होत्या. पाणी पायांना लागलं होतं. घेतलं होडीत."

"देवा!" नीराने सुटकेचा निःश्वास टाकला. "कोण आहेत? त्यांच्या घरच्यांना कळवते."

सलीलने तिकडे काहीतरी विचारलं.

"कौमुदीची आई आहेत, बेन. म्हणतायत, मीच लेकीला सांगितलं, मी थांबते, आधी पद्माकरकाकांना ने."