बिनपरवान्याची जोडी

“लांब अँटेनाचा द्या,” वच्छलाबाई म्हणाली. “जितका लांब तितका बरा.”

बद्रीनाथने काउंटरवर चार वॉकीटॉकी मांडले होते. त्यातला लांब अँटेनाचा त्याने उचलून मागच्या फळीवर ठेवला.

“मावशी, त्याला परवाना लागतो. बिनपरवान्याचा हा. अँटेना आखूड आणि पक्की बसवलेली. काढून दुसरी लावता येत नाही.”

“डोंगरापल्याड बोलंल का?”

“मोकळ्या रानात दोन किलोमीटर बोलतो. डोंगर आडवा आला की याची बोलती बंद.”

वच्छलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती, आणि भीती लपवणं तिला कधी जमलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी खुलताबादच्या डोंगरात, भरदुपारी, बिबट्याने त्यांच्या पालासमोरून कुत्रा उचलला होता. लांडग्याला भिडणारा कुत्रा, पण त्याला केकाटायलाही सवड मिळाली नाही. तेव्हापासून त्रिंबक मेंढरं घेऊन दरीत उतरला की तो वर येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. दरीत मोबाइलला रेंज नाही. म्हणून तर ही खरेदी.

“हीच जोडी द्या,” त्रिंबक म्हणाला. “पर बटनं लई हायती. आमाला एकच शिकवा.”

“हे दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. सगळे सेट एकाच चॅनलवर लावलेले येतात. बदलून देऊ?”

“ऱ्हाऊ द्या. चालतंय ते कशाला हालवायचं?”

“मग बोलताना आधी नाव घेत जा. गेल्या आठवड्यात तुमच्या बाजूला अजून दोन जोड्या गेल्यात.”

त्रिंबक हसला. “हिनं लग्नात उखान्यात नाव घेतलं, त्याला तीस वर्सं झाली. तवापास्नं मी नुस्ता ‘अहो’ हाय.”

“चारचौघात धन्याचं नाव घ्यायचं व्हय?” वच्छलाबाई फटकन म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

एक सेट घेऊन त्रिंबक रस्त्यापलीकडे गेला. “अगं, येतंय का ऐकू?”

डबीतून आलेला आवाज खरखरीत आणि नाकातला होता. वच्छलाबाई खुदकन हसली. “ह्यो तुमचा आवाज व्हय? पडसं झाल्यावानी!”

कुत्रा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

चार दिवसांनी, दुपार कलताना, ती पालामागच्या खडकावर बसली होती. समोर दरी. दरीतून वर यायच्या दोन वाटा तिथून स्पष्ट दिसत. एक आंब्याखालून, रोजची. दुसरी कोरड्या ओढ्यातून, जरा फेऱ्याची. खाली तळाला झाडी एवढी दाट, की ना माणूस दिसे ना मेंढरू, आणि कड्याआड गेलं की डबीही कधीकधी मुकी होई.

आंब्याखालची सावली हलली.

आधी तिला तो दगड वाटला. मग त्या दगडाने शेपूट आपटलं.

तिने डबी तोंडाशी धरली आणि बटण दाबलं.

“अहो! अहो, ऐकताय का?”

नुसती खरखर.

“अहो, बोला की वं!”

“बोल गं,” डबी म्हणाली.

वच्छलाबाईच्या जिवात जीव आला. “जनावर हाय! आंब्याखाली बसलंय. तिकडनं येऊ नका. वढ्यानं या.”

“तू बघितलंस?”

“या डोळ्यांनी बघतीया!”

“बरं, बरं. वढ्यानंच येतो. तू भायेर पडू नको.”

ती ओढ्याकडे डोळे लावून बसली. मधूनच मान वळवून आंब्याकडे बघायची. बिबट्या जागचा हलला नव्हता. तिने मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले. थोड्या वेळाने तिला राहवेना.

“कुठवर आलात?”

“आलोच. उगं भिऊ नको, मी हाय ना.”

इतकं मऊ तिचा नवरा जन्मात बोलला नव्हता. एवढ्या भीतीतही तिला बरं वाटलं. बिबट्यानं माणूस सुधारला म्हणायचा.

ओढ्यात अजून कुणी दिसत नव्हतं. सावल्या लांबल्या. तेवढ्यात डबी पुन्हा खरखरली.

“आलो बघ. दार उघड.”

वच्छलाबाईने वळून पालाकडे पाहिलं. दोन बांबू आणि वर टाकलेलं कापड. पालाला दार कुठलं? ही काय थट्टा करायची वेळ आहे?

आणि मग तिला घंटी ऐकू आली. कळपातल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली. घंटी ओढ्यातून वाजत नव्हती. आंब्याच्या वाटेवर पांढऱ्या पाठी एकामागून एक वर चढत होत्या. त्यांच्यामागे लाल फेटा होता. मान खाली घालून, काठी खांद्यावर टाकून, रोजच्यासारखा निवांत.

आंब्याखालचं जनावर जमिनीला पोट टेकवून दबा धरून बसलं.

वच्छलाबाई ओरडली, पण तिचा आवाज दरीवरच विरून गेला. लाल फेटा चालतच राहिला. तिने दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं. तीस वर्षं जिभेवर येऊ न दिलेलं नाव तिच्या तोंडून फुटलं.

“त्रिंबक! मागं फिरा, त्रिंबक!”

तिने बटण सोडलं.

“कोन त्रिंबक?” डबी म्हणाली. “बाई, मी बन्सी.”