तळाचं चित्र

पंखा घुर्रकन फिरला, पडदा काळाच राहिला आणि लॅपटॉप पुन्हा गप्प झाला. नेवेनाने बटण दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं. तेच.

"आजी, हा चुलीजवळ कुणी ठेवला?"

"मीच," कोसाराआजी म्हणाली. "बर्फासारखा गार पडला होता गं. घोंगडीत गुंडाळून ठेवला. बुटं नाही का आपण ठेवत?"

नेवेनाने कपाळाला हात लावला. सकाळभर होडीत गारठलेलं यंत्र आजीने मायेने शेकलं होतं, आणि बाहेरून आत आल्यावर चष्म्यावर धरते तशी वाफ त्याच्या पोटात धरली होती. रागावणार तरी कसं? आज संत निकोलाचा, घराच्या राखणदार संताचा दिवस, म्हणजे या घराचा सण. दार सताड उघडं होतं. या दिवशी कुणाला बोलावणं धाडायचं नसतं, येईल त्याला बसवायचं असतं. टेबलावर मासे होते, वाइन होती, पाव कापून झाला होता. घरधनी म्हणून वुकाशिनआजोबा उभ्यानेच सगळ्यांना वाढत होते. ते सुरई घेऊन नातीच्या मागे येऊन थांबले.

"चित्र गेलं का गं, पोरी?"

"कळत नाही, आजोबा. दुसरीकडे उतरवून घेतलेलं नाही. आणि तळं गोठायला लागलंय. होडी आता वसंतातच."

ऐंशी ओलांडलेल्या माणसाला वसंताचा वायदा कोण देणार? धरण झालं तेव्हा आजोबांचं ब्रेस्ताक गाव पाण्याखाली गेलं. गावचं देऊळ, म्हणजे चर्च, आधीच सुरुंग लावून पाडलं, असं सरकारी माणसं सांगत. वुकाशिनचा बाप मात्र मरेपर्यंत सांगत राहिला की आम्ही आडवे आलो, त्यांना हात लावू दिला नाही, देऊळ खाली उभं आहे. लोक त्याला थापाड्या म्हणत. गाळ मोजायला आलेली नेवेना आज त्याच जागेवरून आवाज पाण्यात सोडत गेली होती. परतणाऱ्या आवाजातून तळाचं चित्र उमटतं. ते जुळवून बघायच्या आतच थंडीने बॅटरी बसली होती.

"वुकाशिन," शेजारचा मोमिर टेबलावरून ओरडला, "तुझ्या बापाची थाप त्या यंत्रालाही गिळवेना बघ!"

माणसं हसली.

"तू मासा गिळ," आजोबा म्हणाले. "काटा बघून."

नेवेनाने लॅपटॉप उचलून मागच्या थंड खोलीत नेला. चार्जर काढला, पाठीचे स्क्रू सोडवले, बॅटरी सुटी केली, उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण दाबून धरलं. आत हिरव्या पट्टीवर खरोखरच दव पडलं होतं.

"केस वाळवायचं मशीन आणू?" आजीने दारातून विचारलं.

"नको गं आजी! तुझी ऊब पुरे झाली."

स्वच्छ कापडाने तिने थेंब टिपले आणि सगळं उघडंच ठेवलं. बाहेर पाहुण्यांनी गाणं धरलं, संपवलं, दुसरं धरलं. आजोबा दर गाण्याला डोकावून जात होते.

मग तिने जोडणी केली. पंखा फिरला. पडदा काळाच, पण या वेळी आतून बारीक टूं-टूं झालं.

"बोलला!" नेवेना म्हणाली.

"काय म्हणतो?" आजोबांनी आत येत विचारलं.

"मेमरी दुखतेय म्हणतो."

आजीच्या शब्दकोड्याच्या पेन्सिलीला रबर होतं. नेवेनाने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात रबराने घासले, आणि एकच पट्टी परत बसवली. बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला. आजोबांनी सुरई खिडकीत ठेवली आणि ते पुढे वाकले.

सकाळची नोंद शाबूत होती. चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरू लागलं. मधाच्या रंगाचा गाळ, मग त्यात एक वाट. वाटेकडेची कुंपणं. आजोबांचं बोट पडद्याला न लावता त्या वाटेने चालू लागलं. मोमिर कधी येऊन मागे उभा राहिला, कुणाला कळलं नाही.

मग पडद्यावर एक पांढरी कड आली, आणि तिच्यामागे लांब, काळी, टोकदार सावली.

"पाण्याखाली ऊन कुठलं?" आजी कुजबुजली.

"उन्हाची नाही, आवाजाची सावली आहे. आवाज जिथे अडतो तिथे पडते. काही उभं असल्याशिवाय पडत नाही, आजी."

सावलीला घुमट होता. घुमटावर क्रूस होता. तिथे उजेड पोचत नव्हता, घंटा वाजत नव्हती, आणि तरी ते गावाच्या मधोमध उभं होतं. मोमिरने टोपी काढली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"उभं आहे रे," तो म्हणाला. "भिंतसुद्धा कलली नाही. एवढ्या पाण्यात राहिलं कसं?"

वुकाशिनआजोबा पडद्यावरून नजर काढेनात. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

"शेवटच्या दिवशी मी देवळाचं दार लावायला गेलो होतो," ते म्हणाले. "बापानं हात धरला. म्हणाला, लावू नकोस. बंद दिसलं तर पाणी भिंती पाडून आत शिरेल. उघडं ठेव, पाहुण्यासारखं येईल."