झटकलेला पदर

दिगंबरचं तोंड सुटलं की समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही, हे त्याच्या आईला, आनंदीबाईंना, मुळीच खपत नसे. आज त्यांच्यासोबत सुपरमार्केटमधून बाहेर पडताना दारात बिल मागितलं म्हणून तो पहारेकरी बाईवर खेकसला, "चोर वाटलो का गं तुला?"

"साहेब, सगळ्यांचंच बघते. पिशवी दाखवा."

"दाखवा" ऐकलं आणि आनंदीबाईंनी खोचलेला पदर सवयीने सोडून झटकला. पूर्वी काजूच्या कारखान्यातून सुटताना रोज फाटकावरच्या झडतीत त्या तसाच झटकून दाखवत, आणि शाळेतून आलेला दिगंबर बाहेर उभा राहून बघे. आता त्याची मान खाली गेली.

पदर पुन्हा खोचत त्या म्हणाल्या, "मी चोर नव्हते, म्हणून झटकताना लाजले नाही. लाज आज वाटली, तुझ्या तोंडाची. पिशवी उघड, आणि ताईंना अहो म्हण."